वीस मिनिटांची काचनळी

आवणीचे दिवस. पालघर जिल्ह्यातल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रासमोर संध्याकाळी जीप येऊन थांबते. आतून एक बाई लंगडत उतरते. घोट्याजवळ सूज, पोटरीवर करकचून बांधलेला रुमाल. भात लावताना चिखलात काहीतरी चावले, काय ते दिसले नाही. नाडी ठीक, रक्तदाब ठीक, बोलणे व्यवस्थित. सोबतचे म्हणतात, पाणसाप असेल. डॉक्टर धनुर्वाताचे इंजेक्शन देतात, दुखण्यासाठी आणखी एक देतात आणि खबरदारी म्हणून ‘पुढे घेऊन जा’ अशी चिठ्ठी लिहितात. गाडी मिळून, रस्ता कापून, तीन-चार तासांनी ती मोठ्या रुग्णालयात पोचते तेव्हा हिरड्यांतून रक्त येत असते, इंजेक्शन दिलेल्या जागी जांभळा फुगवटा आलेला असतो आणि लघवी लाल झालेली असते.

हे कोणा एका रुग्णाचे वर्णन नाही. सरकारी रुग्णालयात पावसाळा काढलेल्या कोणत्याही डॉक्टरला आणि परिचारिकेला ते ओळखीचे वाटेल. यात कोणी मुद्दाम हयगय केलेली नाही. तरीही एक गोष्ट राहून गेली. त्या बाईच्या रक्तात काय चालले आहे, हे पहिल्याच केंद्रात कळू शकले असते. त्यासाठी लागले असते २ मिली रक्त, एक नवी कोरडी काचेची नळी आणि २० मिनिटे.

सर्पदंशाबद्दल आपल्याकडे बोलणे होते ते दोनच गोष्टींवर: लस होती की नव्हती, आणि गाडी मिळाली की नाही. दोन्ही महत्त्वाच्या आहेतच. पण लस कोणाला, कधी आणि पुन्हा द्यायची का, हे ज्या साध्या तपासणीवर ठरते, तिच्याबद्दल कोणी विचारत नाही.

रक्त गोठायचे का थांबते?

‘सापाच्या विषाने रक्त पातळ होते,’ असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात घडते ते जवळजवळ उलटे. निरोगी माणसाच्या रक्तात गोठवणारे घटक झोपलेल्या अवस्थेत फिरत असतात. बोट कापले की ते एकामागून एक जागे होतात, शेवटी फायब्रिनोजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू बनतात, त्यांची जाळी जखमेवर बसते आणि रक्त थांबते. हे सगळे जखमेपुरतेच घडावे, अशी शरीराची व्यवस्था असते.

घोणस चावली की ही व्यवस्था मोडते. तिच्या विषातले घटक रक्तातल्या पाचव्या आणि दहाव्या क्रमांकाच्या गोठण घटकांना थेट चेतवतात. फुरशाचे विष आणखी एक पायरी पुढे जाऊन प्रोथ्रोम्बिनलाच जागे करते. कुठेही जखम नसताना सगळीकडे गोठण्याची क्रिया सुरू होते. तयार होणाऱ्या बारीक जाळ्या शरीर विरघळवत राहते, विष नव्या बनवायला लावते. बघता बघता फायब्रिनोजेनचा साठा संपतो. एरवी प्रत्येक १०० मिली रक्तद्रवात २०० ते ४०० मिलिग्रॅम असणारे हे प्रथिन मोजता येणार नाही इतके घटते. कोठारातले भात एका रात्रीत कांडून संपवावे आणि सकाळी चुलीवर ठेवायला मूठभरही उरू नये, तसे हे आहे. मग हिरडी, नाक, लघवीचा मार्ग, जुनी खपली धरलेली जखम, कुठूनही रक्त येऊ लागते. सर्वांत वाईट म्हणजे ते मेंदूत किंवा पोटात येते, जिथे दिसत नाही. घोणसच्या दंशात याच काळात मूत्रपिंडेही बंद पडू लागतात.

विषाची ही ताकद वैद्यकाला फार पूर्वी कळली आहे. १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी घोणसचे अत्यंत सौम्य केलेले विष हिमोफिलियाच्या रुग्णांच्या जखमांवर रक्त थांबवण्यासाठी वापरून पाहिले होते. आजही रक्त गोठण्याच्या काही तपासण्यांत प्रयोगशाळा घोणसच्या आणि फुरशाच्या जातीतल्या सापांच्या विषातले घटक रसायन म्हणून वापरतात.

हिमोफिलियाशी तुलना केली तर फरकही लक्षात येतो. तिथे जन्मापासून एक घटक कमी असतो. तो शिरेतून दिला की काम भागते. सर्पदंशात काही तासांत साठाच संपतो, आणि विष रक्तात असेपर्यंत वरून दिलेला प्लाझ्माही त्याच मार्गाने जातो. फुटक्या माठात पाणी ओतण्यासारखेच ते. आधी भोक बुजवायला हवे, म्हणजे प्रतिविष द्यायला हवे. तेच ते, ज्याला लोक ‘सापाची लस’ म्हणतात.

नळी काय सांगते

या तपासणीची कल्पना साधी आहे. शिरेतून २ मिली ताजे रक्त घ्यायचे, नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत सोडायचे, नळी उभी ठेवायची आणि घड्याळ लावायचे. २० मिनिटे तिला हात लावायचा नाही, हलवायची नाही. मग एकदाच तिरकी करायची. निरोगी रक्ताची गुठळी झालेली असते, ती जागची हलत नाही. रक्त पाण्यासारखे वाहिले, तर रुग्णाच्या शरीरातले फायब्रिनोजेन जवळजवळ संपले आहे आणि घोणस वा फुरशासारख्या सापाचे विष भिनले आहे, असे धरून उपचार सुरू करायचे. साप कोणता होता हे दिसले नसले तरी.

ही पद्धत १९७७ मध्ये डेव्हिड वॉरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर नायजेरियातल्या अनुभवावरून मांडली. तिथले रुग्णही शेतात राबणारे आणि चावणारा सापही आपल्या फुरशाचाच भाऊबंद. प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी वापरता यावी, म्हणूनच ती बनली. भारताच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही ती आहे, आणि ती ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा करायची असते.

पण साधी गोष्ट ढिलाईने केली की फसवी होते. काचेचा पृष्ठभाग रक्ताला गोठायला चालना देतो. प्लास्टिक तसे देत नाही. म्हणून प्लास्टिकच्या नळीत निरोगी माणसाचे रक्तही २० मिनिटांत न गोठता राहू शकते आणि गरज नसताना लस दिली जाते. साबणाने धुतलेल्या काचेतही तेच होते. उलट बाजूने, घाईत दहाव्या मिनिटाला नळी तिरकी केली, मध्येच हलवली, वेळ अंदाजाने धरली, की निष्कर्ष कोणत्याही दिशेला चुकू शकतो. श्रीलंकेतल्या रुग्णालयांच्या अभ्यासांतून दोन्ही बाजू दिसल्या आहेत. रोजच्या धबडग्यात कशीही केलेली तपासणी अनेक रुग्णांना चुकवते. शिकवलेल्या हातांनी, ठरल्या रीतीने केलेली तपासणी भरवशाची ठरते. दोष नळीचा कमी आणि तिच्याकडे बघण्याच्या वृत्तीचा जास्त.

आणखी एक इशारा प्रत्येकाने लक्षात ठेवावा. नळीत रक्त गोठले म्हणजे धोका टळला, असे नाही. नाग आणि मण्यार यांचे विष मुख्यतः नसांवर काम करते, त्यात रक्त नेहमीसारखे गोठते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंश दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वास अडखळतो. अशा रुग्णाला नळीची वाट पाहत बसवणे म्हणजे जीव घालवणे. शिवाय घोणस चावल्यानंतरही पहिल्या तासात रक्त गोठू शकते आणि तिसऱ्या तासात गोठत नाही. म्हणूनच तपासणी पुन्हा पुन्हा करायची आणि दंश झालेल्या माणसाला किमान २४ तास घरी सोडायचे नाही.

गुठळी झाली तर लसही वाचते

या तपासणीचा एक फायदा क्वचितच बोलला जातो. चावलेले सगळे साप विषारी नसतात, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. भीतीपोटी अशा प्रत्येकाला लस टोचली, तर घोड्याच्या रक्तापासून बनलेल्या त्या औषधाची रिॲक्शन विनाकारण ओढवून घेतली जाते आणि खऱ्या गरजूसाठी कपाटात बाटल्या उरत नाहीत.

याच्या उलट चूक अधिक जीवघेणी आहे. ‘दोन बाटल्या देऊन पुढे पाठवा’ ही पद्धत अजून ऐकू येते. हिशेब करून पाहा. आपल्याकडच्या लसीची १० मिलीची एक बाटली घोणसचे सुमारे ६ मिलिग्रॅम विष निकामी करते. घोणस एका दंशात सरासरी ६० मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते. मग दोन बाटल्यांनी काय होणार? म्हणून पहिला डोस सर्वसाधारणपणे १० बाटल्यांचा असतो, आणि तो सलाईनमधून तासाभरात द्यायचा असतो. मुलांनाही तेवढाच, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही.

लस दिल्यावर रक्त लगेच गोठू लागत नाही, आणि इथेही घाई होते. विष निकामी झाले तरी संपलेले घटक यकृताने नव्याने बनवायचे असतात. त्याला सुमारे ६ तास लागतात. म्हणून ६ तासांनी नळी पुन्हा लावायची. रक्त गोठले तर लस थांबवायची, गोठले नाही तर पुढचा डोस. मध्येच घाबरून डोसावर डोस देणे चूक आणि एकदा दिली म्हणून निश्चिंत होणेही चूक. सुरुवातीपासून शेवटपर्यंत निर्णय नळीवर ठरतात. या काळात स्नायूत इंजेक्शन शक्यतो नको. धनुर्वाताचे इंजेक्शनही रक्त गोठू लागल्यावर देता येते. अपवाद एकच: रिॲक्शन आली तर अ‍ॅड्रेनलिन, ते विनाविलंब मांडीत द्यायचे.

बोईसरच्या चाळीतला साप

सर्पदंश हा पाड्यावरचा प्रश्न, जव्हार-मोखाड्याचा प्रश्न, असे बोईसर-तारापूरकडे मानले जाते. पण १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची रचना पाहा. पूर्वेला सह्याद्रीच्या उतारावरचे पाडे आणि भातशेती, मध्ये महामार्ग आणि वीटभट्ट्या, पश्चिमेला रेल्वे, चिकूच्या वाड्या, खाजण आणि मासेमारीची गावे, आणि त्यांच्या मधोमध तारापूरची औद्योगिक वसाहत. कारखान्याच्या कुंपणाबाहेर लगेच गवत सुरू होते. भंगाराचे ढीग, पडीक भूखंड, उघडी गटारे आणि त्यांतले उंदीर ही सापाला आवडणारी जागा. रात्रपाळी संपवून अंधारातून चपलेवर खोलीकडे चालत जाणारा कामगार आणि पहाटे वाडीत चिकू वेचायला निघालेला मजूर यांच्या पायाला धोका सारखाच.

फरक पुढे पडतो. गावातल्या माणसाला निदान आपले आरोग्य केंद्र माहीत असते. परराज्यातून आलेल्या कामगाराला सरकारी दवाखाना कुठे, लस कुठे फुकट मिळते, हे ठाऊक नसते. तो जवळच्या खासगी दवाखान्यात जातो. तिथे बहुधा लस नसते. दुखण्याचे इंजेक्शन मिळते आणि ‘मोठ्या ठिकाणी जा’ हा सल्ला. मोठे ठिकाण म्हणजे काय? बोईसरहून चिल्हार फाटा, मग मनोर, मग महामार्गावरून वसई आणि घोडबंदरची कोंडी. उत्तरेकडचे लोक सिल्वासा-वलसाडची वाट धरतात, मोखाड्याकडचे नाशिकची. नकाशावर तास-दीड तास वाटणारा प्रवास पावसात किती लांबतो, ते इथल्या माणसाला सांगायला नको. हा सगळा वेळ विष काम करत असते.

यातली विसंगती बोचणारी आहे. तारापूरच्या औषध आणि रसायन कारखान्यांच्या तपासणी प्रयोगशाळांत काचेच्या नळ्यांची कमतरता नसते. त्याच परिसरातल्या आरोग्य केंद्रांत मात्र, सगळीकडच्याप्रमाणे, प्लास्टिकच्या रक्तनळ्या आल्या आणि काच कपाटाच्या तळाशी गेली किंवा हरवली. प्लास्टिक आले हे चांगलेच झाले, ते फुटत नाही, सुरक्षित आहे. पण सर्पदंशाच्या या एका कामासाठी काचच लागते. कामगारांच्या आरोग्यावर सामाजिक दायित्वाचा निधी खर्च करणाऱ्या उद्योगांनी मोठ्या यंत्राच्या उद्घाटनाआधी नव्या काचनळ्यांची खोकी, भिंतीवरचे घड्याळ आणि रात्रपाळीच्या कामगारांना बॅटरी व बूट एवढे दिले, तरी त्यांचे नाव निघेल.

चिठ्ठी लिहिणाऱ्या हाताची भीती

‘लस न देता पुढे का पाठवले?’ हा प्रश्न गावात रागाने विचारला जातो. त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे ऐकायला हवे. रात्री केंद्रात एक तरुण वैद्यकीय अधिकारी असतो, सोबत एक परिचारिका, कधी तीही प्रसूतीत गुंतलेली. लस दिल्यावर रिॲक्शन आली, रुग्ण दगावला, तर ‘इंजेक्शनने मारला’ म्हणत जमाव अंगावर येईल ही भीती खोटी नाही. पुढे पाठवले आणि वाटेत काही झाले, तर दोष रस्त्यावर जातो. अशा तराजूत चिठ्ठी जड होते.

पण लसीच्या रिॲक्शनवर हुकमी औषध आहे. अ‍ॅड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवले, पहिली १५-२० मिनिटे रुग्णापासून हललो नाही, तर बहुतेक रिॲक्शन तिथल्या तिथे आवरतात. न गोठणाऱ्या रक्तावर मात्र लसीशिवाय दुसरे औषध नाही. राष्ट्रीय सूचनाही पहिला डोस सुरू करूनच पुढे पाठवायला सांगतात. पावडर स्वरूपातल्या लसीला फ्रिजही लागत नाही, त्यामुळे ‘लाइट नाही’ हे कारण सगळीकडे चालणारे नाही. पुढे पाठवायचेच, कारण मूत्रपिंडे बंद पडली तर डायलिसिस लागेल, श्वास थांबला तर व्हेंटिलेटर लागेल. प्रश्न पाठवण्याचा नाही, रिकाम्या हाताने पाठवण्याचा आहे.

म्हणून एक साधा नियम जिल्ह्याने स्वतःसाठी करावा. सर्पदंशाच्या रुग्णाची चिठ्ठी तीन नोंदींशिवाय पुरी मानू नये: दंशाची वेळ, नळीचा निकाल आणि त्याची वेळ, आणि दिलेल्या लसीच्या बाटल्या. पापण्या जड झालेल्या किंवा रक्तस्राव सुरू झालेल्या रुग्णाला लस आधी, नळी नंतर. पण नोंद हवीच. पुढच्या डॉक्टरला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागू नये, आणि वर्षअखेरीस जिल्ह्याला कळावे की कोणत्या केंद्रात नळी लागते आणि कुठे फक्त चिठ्ठी.

‘जिल्ह्यात आता पीटी-आयएनआर करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, ही जुनी नळी कशाला?’ असाही आक्षेप येतो. ज्या केंद्रात ती तपासणी रात्री दोन वाजता अर्ध्या तासात होत असेल, तिथे ती जरूर करावी. ती अधिक नेमकी आहे. पण तसे केंद्र सापडेपर्यंत नळी हीच प्रयोगशाळा आहे. तिचा उपयोग सापापुरताही नाही. वार सुटून किंवा बाळंतपणानंतर अति रक्तस्राव होऊन ज्या बाईचे रक्त गोठेनासे होते, तिचा धोकाही खाटेशेजारी अशाच नळीत रक्त ठेवून ओळखता येतो. ज्या जिल्ह्यात प्रसूतीच्या बाईला तासभर गाडीत न्यावे लागते, तिथे हे कौशल्य दुहेरी कामाचे आहे.

डहाणूने काय शिकवले

हे सगळे कागदावरचे नाही. परळमधल्या आयसीएमआरच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने राज्याच्या आरोग्य विभागाबरोबर याच जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यात सर्पदंशावर काम केले. वैद्यकीय अधिकाऱ्यांना उपचार शिकवले, शिकवण्याआधी आणि नंतर त्यांना काय येते ते तपासले. पाड्यापाड्यांवर जागृती केली आणि भगतांनाही सोबत घेतले. हा शेवटचा भाग विशेष महत्त्वाचा. रात्री साप चावला की अनेक पाड्यांवर पहिली हाक भगतालाच जाते, कारण तो जवळ असतो आणि ओळखीचा असतो. त्याला खलनायक ठरवून तो मार्गातून हटत नाही. ‘मंत्र म्हणायचा तर गाडीत बसून म्हण, पण गाडी आधी निघू दे,’ असे त्याच्याशी बोलता येते आणि अनेक जण ते ऐकतात.

कोकणाला याची आठवण आहेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांजवळ रात्र रात्र बसून निरीक्षण केले आणि प्राझोसिन या स्वस्त गोळीने जीव वाचतात हे दाखवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ग्रामीण रुग्णालयातल्या साध्या साधनाने, पण नेमाने केलेल्या कामाने मृत्यू कमी होतात, याचा तो पुरावा आहे.

देशाचे आकडे मात्र अजून लाज आणणारे आहेत. २००० ते २०१९ या २० वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले. मार्च २०२४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवून. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्यांना सर्पदंश हा नोंद बंधनकारक असलेला आजार करण्यास सांगितले. आराखडे दिल्लीत होतात. मृत्यू निम्मे होतील की नाही, हे तलासरी, कासा, विक्रमगडच्या रात्रपाळीत ठरेल.

घरच्यांनी काय करावे

साप चावला की आधी वेळ पाहावी आणि लक्षात ठेवावी. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढावेत. सूज आल्यावर ते कापावे लागतात. हातपाय फळीला किंवा काठीला सैल बांधून स्थिर ठेवावा, पण करकचून आवळू नये. जखम कापू नये, चोखू नये, त्यावर बर्फ, चुना, पाला लावू नये. माणसाला चालवू नये, पळवू तर नयेच. साप मारायला किंवा पकडायला वेळ घालवू नये. सहज फोटो मिळाला तर ठीक. १०८ ला फोन करावा आणि गाडीला उशीर होणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे. दुखते म्हणून ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या देऊ नयेत, त्या रक्तस्राव वाढवतात. गाठीची पट्टी आधीच बांधली असेल, तर ती वाटेत एकदम सोडू नये, डॉक्टरांसमोर सोडावी.

दवाखान्यात एक प्रश्न मात्र जरूर विचारावा, आवाज न चढवता: ‘डॉक्टर, रक्त गोठते का ते काचेच्या नळीत बघितले का?’ हा प्रश्न विचारणारा नातेवाईक डॉक्टरचा अपमान करत नाही. तो त्याला एका कामाची आठवण देतो.

बरे होऊन घरी आल्यावरही काम संपत नाही. लसीनंतर आठवडा-दोन आठवड्यांत ताप, सांधेदुखी, अंगावर पित्तासारखे चट्टे येऊ शकतात, ते दाखवावेत. लघवी कमी झाली, चेहरा सुजला, तर मूत्रपिंडाची तपासणी हवी. घोणस चावलेल्यांपैकी काहींच्या मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीला इजा होते आणि महिन्यांनी सतत थकवा, पाळी बंद होणे, अशा तक्रारी सुरू होतात. सापाशी त्याचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून दंशाचा कागद जपून ठेवावा आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरला दाखवावा.

दर जूनमध्ये जिल्ह्यात लसीच्या साठ्याचा आढावा होतो. बाटल्या मोजल्या जातात, पुरेसा साठा असल्याची बातमी येते. या वेळी आढाव्यात आणखी दोन रकाने असावेत: केंद्रात नव्या काचेच्या नळ्या किती, आणि तपासणी नीट करता येणारी माणसे किती. एवढी माहिती गोळा करायला निधीची वाट पाहावी लागत नाही. नळी उभी ठेवून २० मिनिटे थांबायला फार ज्ञानही लागत नाही. लागतो तो एवढाच आग्रह, की आवणीतून थेट आलेल्या त्या बाईच्या हातात चिठ्ठी पडण्याआधी तिचे रक्त एकदा बघितले जाईल.